खुले पत्र : ३९४ व्या मतपत्रिकेवर सही हवी

प्रति,
संचालक मंडळ, नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम अँड म्युझियम, कूपर्सटाउन, न्यूयॉर्क
आणि
सर्व मतदार सदस्य, बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका

ऑगस्ट २०२५

माननीय महोदय आणि महोदया,

सविनय नमस्कार.

हे पत्र खरे तर जानेवारीतच लिहायचे होते. २१ जानेवारी २०२५ रोजी तुम्ही हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉल पत्रकारांच्या मतांनी ठरणाऱ्या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीच्या, निवडणुकीचा निकाल जाहीर केलात, सिएटल मॅरिनर्स संघाचे जपानी फलंदाज इचिरो सुझुकी यांना ३९४ पैकी ३९३ मते मिळाल्याचे कळले, आणि त्याच संध्याकाळी मी या पत्राचा पहिला परिच्छेद लिहून ठेवला. पण पुढे जुलैमध्ये कूपर्सटाउनला त्यांचा गौरव व्हायचा होता आणि ९ ऑगस्टला सिएटलच्या मैदानावर त्यांचा ५१ हा जर्सीवरचा क्रमांक कायमचा निवृत्त व्हायचा होता. घरात कार्य असताना कुरबुर काढू नये, असा आमच्याकडे संकेत आहे, म्हणून थांबलो. आता दोन्ही सोहळे यथासांग पार पडले आहेत आणि बोलायला हरकत नाही.

या पत्राची इंग्रजी प्रत तुम्हाला टपालाने वेगळी पाठवली आहे. मूळ पत्र मराठीत आहे, कारण सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड, बॉथेल या भागांत गेल्या पंचवीस वर्षांत येऊन स्थिरावलेल्या शेकडो मराठी कुटुंबांनी बेसबॉल हा खेळ इचिरोमुळे पाहायला सुरुवात केली, आणि ही तक्रार त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात आहे. शिवाय माझे महाराष्ट्रातले नातेवाईक आणि मित्र विचारतात की एका मताचे एवढे काय लावून धरले आहेस. त्यांनाही उत्तर द्यायचे आहे. (यापुढे मी 'इचिरो' असा एकेरी उल्लेख करणार आहे. आम्ही सचिनलाही एकेरीतच हाक मारतो. त्यात अनादर नसतो, हे मराठी वाचकाला सांगावे लागणार नाही.)

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगतो. मी मूळचा मुंबईचा. कॉलेजात असल्यापासून अमेरिकेत येईपर्यंत मी कांगा लीगच्या सामन्यांना स्कोअरर म्हणून बसत असे. ऐन पावसाळ्यात खेळली जाणारी ही मुंबईची क्रिकेट स्पर्धा. आझाद मैदानावरच्या तंबूत एका डगमगत्या टेबलाशी दोन्ही संघांचे दोन स्कोअरर शेजारी शेजारी बसत. षटक संपले की आम्ही ताळा पाहायचो : फलंदाजांच्या धावा आणि अवांतर मिळून होणारी बेरीज, गोलंदाजांच्या खात्यावर लागलेल्या धावा, आणि फलकावरचा आकडा. ताळा जुळला नाही तर तिथल्या तिथे चूक शोधायची. वहीवर पावसाचे थेंब पडून शाई पसरायची, म्हणून नोंदी पेन्सिलीने करायच्या. पण सामना संपल्यावरची सही पेनानेच. त्या सहीचा अर्थ असा की हे मी पाहिले, मी लिहिले, आणि कुणाला शंका असेल तर उत्तर द्यायला मी इथे आहे.

२००१ च्या उन्हाळ्यात मी नोकरीसाठी सिएटलला आलो. त्याच वर्षी इचिरो जपानमधल्या ओरिक्स ब्लूवेव्ह संघातून मॅरिनर्समध्ये आला होता. जपानी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, अमेरिकेत यशस्वी झाले होते, पण जपानी फलंदाज इथल्या वेगवान पिचिंगपुढे टिकेल का, अशी शंका त्या वर्षी जाणकारही घेत होते. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने मला राइट फील्डच्या, म्हणजे इचिरो क्षेत्ररक्षण करत असे त्या उजव्या टोकाच्या, मागच्या स्वस्त बाकांवर नेले. खेळातले काही कळत नव्हते. पण समोर पाठमोरा उभा असलेला तो सडपातळ माणूस दोन चेंडूंच्या मधल्या वेळात सतत शरीर ताणून मोकळे करत होता, गुडघे वाकवत होता, खांदे फिरवत होता. आणि फलंदाजीला गेल्यावर उजव्या हातात बॅट उभी धरून ती पिचरच्या दिशेने रोखायची आणि डाव्या हाताने उजव्या खांद्यावरची बाही अलगद वर ओढायची, हे तो प्रत्येक चेंडूआधी तसेच्या तसे करत होता. मला आमच्या मैदानावरचे जुने फलंदाज आठवले. त्या वर्षी मॅरिनर्सने ११६ सामने जिंकले आणि इचिरोला सर्वोत्तम नवोदित आणि सर्वाधिक मौल्यवान खेळाडू असे दोन्ही मान एकाच वर्षी मिळाले. त्याआधी ते फक्त फ्रेड लिन यांना १९७५ मध्ये साधले होते. हिवाळा संपेपर्यंत मी बेसबॉलचे स्कोअरकार्ड भरायला शिकलो.

१ ऑक्टोबर २००४ च्या शुक्रवारी मी मैदानावर होतो. एका मोसमात सर्वाधिक हिट म्हणजे चेंडू टोलवून सुरक्षितपणे बेस गाठण्याचा विक्रम जॉर्ज सिस्लर यांच्या नावावर १९२० पासून होता : २५७. पहिल्या इनिंगमध्ये इचिरोने तो गाठला आणि तिसऱ्या इनिंगमध्ये पिचरच्या बाजूने मधोमध चेंडू मारून मागे टाकला. आतषबाजी झाली, सहकारी धावत आले, आणि मग तो पहिल्या बेसजवळच्या प्रेक्षकांकडे चालत गेला. तिथे सिस्लर यांची वृद्ध कन्या कुटुंबीयांसह बसली होती. त्याने कठड्यापाशी जाऊन तिच्या हातात हात दिला. ज्याचा चौऱ्याऐंशी वर्षांचा विक्रम आपण मोडला, त्याच्या मुलीपुढे असे जाऊन उभे राहणे मी त्याआधी पाहिले नव्हते. तो मोसम २६२ वर संपला आणि तो आकडा आजही कायम आहे. पुढे २००९ मध्ये ऑल-स्टार सामन्यासाठी सेंट लुइसला गेला असताना इचिरोने सिस्लर यांच्या कबरीवर जाऊन फुले वाहिली. खेळाचा इतिहास म्हणजे काय आणि तो कसा जपायचा, हे तुमच्या संग्रहालयाइतकेच त्यालाही कळत होते. खेळत असतानाच तो अनेकदा कूपर्सटाउनला येऊन गेला आणि आपल्या वस्तू तुमच्याकडे सोपवत आला, हे तुम्ही जाणताच.

आता निवृत्तीची रात्र. २१ मार्च २०१९, टोकियो डोम, मॅरिनर्स विरुद्ध ओकलंड. आमच्या घड्याळात ती पहाटेच्या अडीचची वेळ होती. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. तिला उठवले, दोघांनी दूध-बिस्किटे घेतली आणि तिने मांडीवर पाटी ठेवून स्कोअरकार्ड भरायला घेतले. सामना चालू असतानाच बातमी आली की आजचा सामना शेवटचा. आठव्या इनिंगमध्ये इचिरोने शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडे, चेंडू मारला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी जिवाच्या आकांताने पहिल्या बेसकडे धावला. फेक एका पावलाने आधी पोचली. मुलीने त्याच्या चौकोनात ६-३ लिहिले. ६ म्हणजे शॉर्टस्टॉप, ३ म्हणजे पहिला बेस. तिने पेन्सिल इतकी दाबली होती की मागच्या पानावर आकडा उमटला. मग तो राइट फील्डवर गेला, व्यवस्थापकाने सगळ्यांना परत बोलावले, आणि तो एकेकाला मिठी मारत डगआउटमध्ये आला. त्या दिवशी पदार्पण करणारा तरुण जपानी पिचर युसेई किकुची त्याच्या खांद्यावर रडला. सामना बारा इनिंग चालला. संपल्यावरही लोक जागचे हलले नाहीत. दिवे चालू होते, मैदान रिकामे होते आणि हजारो माणसे त्याच्या नावाचा घोष करत उभी होती. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला आणि त्याने मैदानाला फेरी मारली. इकडे सकाळचे सव्वासात वाजून गेले होते, शाळेची बस निघून गेली होती, आणि आम्ही दोघे टीव्हीपुढून उठायला तयार नव्हतो.

वानखेडेवर सचिनने खेळपट्टीला वाकून नमस्कार केला, तो क्षणही मी याच खोलीत, १५ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री, सात समुद्रांपलीकडून पाहिला होता. ज्याचा निरोप समक्ष घेता आला नाही, त्याच्या नोंदी तरी नीट राहाव्यात असे दूरच्या चाहत्याला फार वाटते. आमच्यापाशी दुसरे काय असते?

त्या रात्री इचिरो मैदानातून थेट पत्रकारांपुढे गेला. मध्यरात्र उलटून गेली तरी तो बसून होता. जवळजवळ दीड तास त्याने प्रश्नांची उत्तरे दिली. काही प्रश्न निवृत्तीचे होते, काही घरचे, काही त्याच्या कुत्र्याबद्दलचे. एकाही प्रश्नाला त्याने टाळले नाही, आणि आपले उत्तर समोरच्याला पोचले का, हे तो अधूनमधून विचारत होता. विचारणारे सगळे तुमच्याच व्यवसायातले होते.

मग पाच वर्षे गेली, कारण निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबावे असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. मतपत्रिका गेल्या. ज्यांचे असोसिएशनचे सदस्यत्व सलग दहा वर्षांचे आहे अशांनाच मत देता येते. प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा नावांपुढे खूण करता येते. आणि पंचाहत्तर टक्के मते मिळाली की खेळाडू आत. इचिरोचे अमेरिकेत ३,०८९ हिट, त्याआधी जपानमध्ये १,२७८, सलग दहा मोसम दोनशेहून अधिक हिट, क्षेत्ररक्षणाचे दहा गोल्ड ग्लव्ह. ३९३ जणांनी खूण केली. एकाने केली नाही. ज्यांनी आपल्या मतपत्रिका स्वतःहून उघड केल्या त्या प्रत्येकावर इचिरोचे नाव होते. याचा अर्थ, ज्याने खूण केली नाही, त्याने पुढे येऊन तसे सांगितलेही नाही.

मुलगी आता कॉलेजात आहे. निकाल लागल्यावर तिचा फोन आला. अभिनंदन झाले, जुने सामने आठवून झाले, आणि फोन ठेवताना तिने विचारले, "बाबा, तो एक जण कोण?" मी म्हटले, ते कुणालाच कळणार नाही. "असे कसे? लिहिणाऱ्याची सही नसते का?" तिला स्कोअरकार्ड मीच शिकवले होते, त्यामुळे तिचा प्रश्न मला चुकवता आला नाही, आणि तोच मी तुमच्यापुढे ठेवतो आहे.

एक गोष्ट स्पष्ट करतो. इचिरोला मत न देण्याचा त्या सदस्याला पूर्ण अधिकार आहे आणि तो कुणी काढून घ्यावा असे माझे म्हणणे नाही. एकमत ही काही पवित्र वस्तू नाही. १९३६ च्या पहिल्या निवडणुकीत बेब रूथ यांना २२६ पैकी २१५ मते मिळाली होती. १९७९ मध्ये विली मेज यांना ४३२ पैकी ४०९, १९८२ मध्ये हँक आरन यांना ४१५ पैकी ४०६. केन ग्रिफी ज्युनिअरला २०१६ मध्ये ४४० पैकी ४३७, आणि डेरेक जीटरला २०२० मध्ये ३९७ पैकी ३९६. शंभर टक्के मते आजवर एकट्या मारियानो रिव्हेराला, २०१९ मध्ये, ४२५ पैकी ४२५. तेव्हा इचिरोला ३९४ वे मत मिळाले नाही म्हणून त्याचे काही कमी झाले, असे मी मानत नाही. माझी तक्रार न दिलेल्या मताची नाही. ते मत ज्या अंधारात न देण्यात आले, त्या अंधाराची आहे.

पहिली तक्रार तुमच्याच प्रथेवरून निघते. दरवर्षीचे सर्वाधिक मौल्यवान खेळाडू, सर्वोत्तम पिचर आणि सर्वोत्तम नवोदित हे मान असोसिएशनचे सदस्यच मते देऊन ठरवतात, आणि कुणी कुणाला कितव्या क्रमांकावर ठेवले हे प्रत्येकाच्या नावानिशी प्रसिद्ध होते. एका मोसमाच्या बक्षिसासाठी मतदार नाव लावतो. माणसाची सगळी कारकीर्द तोलणाऱ्या मताला मात्र नाव लावायचे की नाही, हे त्याच्या मर्जीवर. लहान हिशेबावर सही आणि मोठ्या हिशेबावर नाही, हे कोणत्या न्यायाने?

दुसरी तक्रार संचालक मंडळाची. २०१६ च्या डिसेंबरमध्ये असोसिएशनच्या सदस्यांनी स्वतःच ठराव केला की सर्व मतपत्रिका उघड व्हाव्यात : ८० बाजूने, ९ विरोधात. लेखकांनी आपल्यावरचा पडदा आपणहून दूर करायची तयारी दाखवली, याचे मला मनापासून कौतुक आहे. पण पुढच्याच वर्षी मंडळाने तो ठराव नाकारला. ज्यांची मते त्यांनी उघड करायची ठरवली, आणि ज्यांचे संग्रहालय त्यांनी ती झाकून ठेवायची ठरवली. तेव्हापासून चाहत्याने विचारले की असोसिएशन मंडळाकडे बोट दाखवते आणि मंडळ नियमाकडे. चाहत्याने जायचे कुठे? हे पत्र दोघांना मिळून लिहिण्याचे कारण हेच.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त टोचते आणि तिच्याबद्दल मला जपून बोलायचे आहे. हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेलेला इचिरो हा आशियात जन्मलेला पहिला खेळाडू आहे. जानेवारीत निकाल लागला त्या आठवड्यात आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये, शनिवारच्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात, मुलांना सरावाला सोडायला आलेल्या पालकांत मी एकच कुजबुज ऐकली : दुसरे कारण काय असणार, तो आपल्यासारखा दिसतो म्हणून. मी प्रत्येक वेळी म्हणालो की असे म्हणू नका, आपल्याला माहीत नाही. जीटरचेही एक मत गेलेच होते. पण माझ्या म्हणण्यात बळ नव्हते, कारण दाखवायला हातात काही नव्हते. त्या सदस्याचे कारण कदाचित अगदी साधे असेल. कदाचित मतपत्रिका भरताना घाई झाली असेल. कदाचित त्याने विचार केला असेल की इचिरो निवडून येणारच आहे, माझ्या दहा जागांपैकी एक मी काठावरच्या दुसऱ्या खेळाडूला देतो. यातले काहीही असले तरी एका ओळीत सांगता आले असते, आणि ती कुजबुज तिथेच थांबली असती. नाव लपल्यामुळे एका माणसाचे मत सगळ्या संस्थेच्या अंगाला चिकटले आहे, आणि परदेशातून येऊन इथल्या खेळावर जीव लावणाऱ्या लोकांच्या मनात एक किल्मिष राहून गेले आहे, जे कदाचित संपूर्णपणे निराधार असेल. हे मला सहन होत नाही. ज्यांनी प्रामाणिकपणे मत दिले त्या ३९३ जणांवरही हा अन्याय आहे.

चौथी गोष्ट व्यवसायाच्या नीतीची. बेसबॉलचा लेखक हरलेल्या संघाच्या खोलीत जातो आणि ज्याच्या चुकीने सामना गेला त्याच्यापुढे उभा राहून विचारतो की काय झाले. खेळाडूने उत्तर द्यावे, अशी त्याची रास्त अपेक्षा असते. निवृत्तीच्या रात्री इचिरोने ती दीड तास पुरी केली. त्याच्याबद्दल निर्णय करणाऱ्याला एक प्रश्न विचारला तर तो उलटा का टोचावा?

आणि उघडपणाने नुकसान होते म्हणावे, तर सिएटलचाच अनुभव वेगळा आहे. एडगर मार्टिनेझ हा आमचा दुसरा लाडका खेळाडू बहुतेक काळ क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करत असे. अशा खेळाडूला हॉलमध्ये जागा आहे का, यावर खरा मतभेद होता. २०१४ मध्ये त्याला २५.२ टक्के मते होती. मतपत्रिकेवर राहण्याची मुदत त्याच वर्षी पंधरावरून दहा वर्षांवर आली, आणि त्याची त्यातली निम्मी वर्षे संपली होती. त्या काळात अनेक लेखकांनी आपल्या मतपत्रिका उघड केल्या, मत का दिले आणि का दिले नाही ते लिहिले, चाहत्यांनी आकडे काढून उलट युक्तिवाद केले, काहींनी पुढच्या वर्षी मत बदलले आणि तेही का बदलले ते लिहिले. २०१९ मध्ये, शेवटच्या संधीत, एडगर ८५.४ टक्के मतांनी निवडून आला. मी त्या वादातले किती लेख छापून ठेवले होते! ज्यांनी त्याला शेवटपर्यंत मत दिले नाही, त्यांच्यातल्या काहींचे लेखही मला पटण्याजोगे वाटले. हा वाद नावानिशी झाला म्हणूनच सगळ्यांना त्यातून काही शिकता आले.

विरोधी मत नावानिशी देणारे तुमच्यात आहेतच. २०१४ मध्ये ग्रेग मॅडक्सला ५७१ पैकी ५५५ मते पडली. मत न देणाऱ्यांपैकी एका लेखकाने आधीच जाहीर केले होते की उत्तेजक द्रव्यांच्या कालखंडात खेळलेल्या कुणालाही मी मत देणार नाही. मला ते मुळीच पटले नाही, कारण मॅडक्सवर तसा कसलाही आरोप नव्हता. पण तो लेखक आपल्या शब्दांमागे उभा राहिला, टीका झेलली, आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. १९९२ मध्ये टॉम सीव्हर निवडून आले तेव्हा ४३० मतपत्रिकांपैकी पाचांवर त्यांचे नाव नव्हते, त्यांतल्या तीन, जुगारावरून बंदी आलेल्या पीट रोझ यांना मतपत्रिकेतून वगळल्याच्या निषेधात कोऱ्या दिलेल्या होत्या. तो निषेध होता हे आज तीस वर्षांनंतरही कळते.

आता विरोधातले म्हणणे. नावे उघड केली तर समाजमाध्यमांवर लोक त्या लेखकांना शिव्या घालतील, धमक्या देतील, असे म्हटले जाते. ही भीती खोटी नाही आणि मी तिला हलके लेखत नाही. माझी मराठी आणि इतर सर्व चाहत्यांना हात जोडून विनंती आहे की उद्या ते नाव कळले तरी त्या व्यक्तीला एकही अपशब्द लिहू नये. ज्याच्या नावाने आपण भांडतो त्याला ते आवडणार नाही. पण मंडळाने याचाही विचार करावा की जेव्हा सगळ्याच मतपत्रिका उघड असतील, तेव्हा एकट्या माणसाच्या शोधाला निघण्याचे कारणच उरणार नाही. आज मतपत्रिका उघड न केलेल्या प्रत्येक सदस्यावर संशय येतो. त्यांतल्या एकाखेरीज सगळ्यांनी इचिरोला मत दिले असूनही.

दुसरे म्हणणे असे की इचिरोनेच विषय संपवला, तुम्ही कोण? खरे आहे, त्याने मोठ्या मनाने संपवला. निवडीनंतर तो म्हणाला की त्या लेखकाला घरी बोलावून त्याच्याबरोबर बसायला आवडेल, आणि थोडी उणीव राहिलेली बरीच असते. जुलैमध्ये कूपर्सटाउनच्या भाषणात, तेही इंग्रजीत, त्याने हसत हसत सांगितले की त्या आमंत्रणाची मुदत आता संपली आहे. सगळे हसले, मीही हसलो. पण खेळाडूचा दिलदारपणा ही त्याची स्वतःची कमाई आहे. संस्थेने आपली जबाबदारी त्याच्या दिलदारपणावर टाकू नये.

माझ्या आणि माझ्याबरोबरच्या चाहत्यांच्या मागण्या अशा आहेत. यापुढील प्रत्येक निवडणुकीत सर्व मतपत्रिका, निकालानंतर ठरावीक दिवसांत, मतदाराच्या नावासह प्रसिद्ध व्हाव्यात, आणि हा नियम मतपत्रिका पाठवण्यापूर्वीच प्रत्येक सदस्याला लेखी कळवावा, म्हणजे नंतर फसवणूक झाली असे कुणाला वाटणार नाही. असोसिएशनने २०१६ चा ठराव पुन्हा मंडळापुढे ठेवावा. मंडळाने तो या वेळी स्वीकारावा, आणि नाकारायचाच असेल तर कुणी कोणत्या कारणाने नाकारला ते सविस्तर, चाहत्यांना वाचता येईल असे, लेखी द्यावे. दहा नावांची मर्यादा काढावी किंवा वाढवावी, म्हणजे एका योग्य खेळाडूला जागा देण्यासाठी दुसऱ्या योग्य खेळाडूला वगळण्याची पाळी कोणत्याही लेखकावर येणार नाही. हा इचिरोच्या बाबतीतला खुलासा असो वा नसो, मतदाराला अशा पेचात टाकणे चूकच आहे.

२०२५ च्या त्या मतपत्रिकेबद्दल मी मागणी करत नाही. जेव्हा ती भरली गेली तेव्हा गुप्ततेचा शब्द दिलेला होता आणि दिलेला शब्द मोडायला मी सांगणार नाही. त्या सदस्याला मात्र एक व्यक्तिगत विनंती करतो. महोदय, किंवा महोदया, तुम्ही इचिरोला मत का दिले नाही ते कृपया लिहा. मोठा लेख नको, चार ओळी पुरतील. ते कारण मला पटणार नाही अशीच शक्यता अधिक आहे, तरी मी ते पुरते वाचेन, आणि आमच्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात ज्यांनी ज्यांनी तर्क केले त्या सगळ्यांना वाचून दाखवेन.

यंदाच्या मतपत्रिका नोव्हेंबरमध्ये निघतील आणि डिसेंबरच्या ३१ तारखेपर्यंत भरून परत येतील. त्याआधी मंडळाच्या आणि असोसिएशनच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि काय ठरले ते कळवावे. २००४ चे आणि २०१९ चे अशी दोन्ही स्कोअरकार्डे माझ्याजवळ आहेत. संग्रहालयाला हवी असल्यास मूळ प्रती पाठवीन. दोन्हींच्या खाली नाव, तारीख आणि सही आहे. एकावर माझी, एकावर माझ्या मुलीची.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
मॅरिनर्सचा एक चाहता आणि जुना स्कोअरर
बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
(टपालाने पाठवलेल्या प्रतीवर माझे पूर्ण नाव, पत्ता आणि सही आहे.)